रात्र वगळून

दुपारचे दोन वाजले की चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डातले पडदे ओढले जात. बावीस खाटा, अकरा इकडे, अकरा तिकडे, आणि मधून फरशीचा लांब पट्टा. पडदे ओढल्यावर त्या फरशीचा रंग पालटायचा. पांढरी फरशी फिकट निळी दिसू लागायची, आणि कुणीतरी दोर सोडल्यासारख्या खाटा किनाऱ्यापासून हळूच लांब जायच्या. निदान सिस्टरला तरी तसं वाटायचं. टेलिफोनचा आवाज कमी केलेला, रेडिओ बंद, नातेवाईक खालच्या मजल्यावर. तीन वाजेपर्यंत कुणी कुणाला हाक मारायची नाही. वॉर्डात सगळे त्याला 'शांत तास' म्हणत. सहा वर्षांपूर्वी तो सिस्टरनेच सुरू केला होता, कुणालाही न विचारता.

आणि न विचारता सुरू केलेली गोष्ट बंद करतानाही कुणी विचारत नाही. सोमवारी मेट्रनबाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि बसायलाही न सांगता एक कागद तिच्यापुढे सरकवला.

"नवं वेळापत्रक. सकाळची ऑपरेशनं वाढलीत, म्हणून मोठे डॉक्टर आता दोन ते तीन राउंड घेणार."

"आणि शांत तास?"

"तोच तर जातोय, बाई."

सिस्टरने कागद न वाचताच परत सरकवला. मेट्रनबाई तिला अठरा वर्षं ओळखत होत्या. तिने कागद असा परत केला म्हणजे काय, हे त्यांना बरोबर कळायचं.

"गुरुवारी चार वाजता समिती बसतेय. तुझ्यासाठी पाच मिनिटं मागून घेतलीत मी. पण 'माझे पेशंट छान झोपतात' हे तिथं चालायचं नाही. डॉक्टर म्हणतील, माझा कुत्रासुद्धा छान झोपतो. कागद आण. कुठल्या वॉर्डात कुणी असं केलं, काय मोजलं, काय निघालं."

"कुठून आणू?"

"मागे लायब्ररी आहे की. मला विचारू नकोस, मी शेवटची गेले तेव्हा तिथं कार्डांचे ड्रॉवर होते."

लायब्ररी नर्सिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर होती. साडेचारला ड्यूटी संपवून सिस्टर तिथं पोचली तेव्हा पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन थेट टेबलांवर उतरलं होतं आणि त्या उन्हात धुळीचे कण अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखे फिरत होते. ग्रंथपालही तसेच. ते इतके हळू चालत की मुली त्यांना 'कासव' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेलं दगडी कासव त्यांनी स्वतःच विकत आणलेलं होतं.

त्यांनी तिला एका संगणकासमोर बसवलं. जगभरच्या आरोग्य-नियतकालिकांतले लेख ह्यात आहेत, म्हणाले, आणि बाजूला उभे राहिले. सिस्टरने दोन बोटांनी, पण एकही चूक न करता टाइप केलं: दुपारी एक तास वॉर्डात शांतता ठेवली तर रुग्णांना चांगली झोप लागते का? एकही नोंद सापडली नाही. तिने सगळं पुसलं आणि नुसतं 'झोप' लिहिलं. दोन लाख एकोणीस हजार.

"एकदा शून्य, एकदा दोन लाख," ती म्हणाली. "ह्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, सर?"

"त्याला डोकंच नाहीये, सिस्टर. म्हणून आपलं लावायचं." त्यांनी खुर्ची ओढली. "हा काही शेजारणीसारखा नाही, पूर्ण वाक्यात गप्पा मारायला. प्रश्न मोडा. रुग्ण कोण? त्यांच्यासाठी तुम्ही काय करता? नाही केलं तर काय? आणि शेवटी मोजायचं काय?"

शेवटचा प्रश्न तिला आवडला. मोजायची तिला सवय होती. नाडी, ताप, थेंब, पावलं. तिने कागदावर चार रकाने आखले.

"आता हे बघा. तुम्ही ज्याला शांत तास म्हणता, त्याला दुसऱ्या गावातली नर्स काय म्हणत असेल?"

"विश्रांतीची वेळ," ती म्हणाली. "आवाज कमी करणं. दुपारची झोप. डुलकी... डुलकी लिहू?"

"लिहा की. लेख लिहिणाऱ्यांनाही येते."

एका अर्थाच्या शब्दांमध्ये 'किंवा' घालायचं, म्हणजे जाळं रुंद होतं. वेगळ्या रकान्यांमध्ये 'आणि' घालायचं, म्हणजे जाळ्यात हवं तेवढंच उरतं. नको असेल ते काढायला 'वगळून' असा तिसरा शब्दही होता. त्याचा त्यांनी फक्त उल्लेख केला. मग त्यांनी तिला विषयांची यादी उघडून दाखवली. प्रत्येक लेख आत येतो तेव्हा कुणीतरी तो वाचून त्याला ठरलेले विषय लावतं, म्हणाले, म्हणजे लेखकाने शब्द कुठलाही वापरला तरी लेख सापडतो. ती यादी जिन्यासारखी होती. शरीराचे व्यवहार, त्याखाली विश्रांती, त्याखाली झोप, झोपेखाली तिची मोडतोड. सिस्टर एकेक पायरी उतरत गेली. कुठल्याशा खोलीत बसून, बाहेर संध्याकाळ होत असताना, जगातल्या झोपेला नावं देत बसलेलं माणूस तिच्या डोळ्यांपुढे आलं. त्याला स्वतःला झोप येत नसेल का?

"सिस्टर," ग्रंथपाल म्हणाले. "अकराशे चाळीस."

"एवढे वाचेपर्यंत मी निवृत्त होईन."

"उद्या बारीक करायचे. उद्या मी नाही, बहिणीकडे जायचंय. पण तुम्हाला जमेल. फक्त काय काय लिहिलंत त्याची यादी संगणकात जपून ठेवा, ओळीवार. शोध चुकला तर चुकू दे. कुठं चुकला ते दिसलं पाहिजे."

मंगळवारी ती एकटीच होती. प्रौढ रुग्ण, फक्त हॉस्पिटलं, गेली पंधरा वर्षं, असं करत तिने आकडा तीनशे दहावर आणला. मग नावं वाचायला घेतली, आणि वाचता वाचता तिला कंटाळा आला. रात्रीचे दिवे. रात्रीच्या औषधांच्या वेळा. रात्री खोकणारे शेजारी. जिकडे तिकडे रात्रच. तिला तर दुपार हवी होती. तेव्हा तिला तो तिसरा शब्द आठवला. तांदळातले खडे वेचून टाकावेत तशा समाधानाने तिने सातव्या ओळीवर लिहिलं: वगळून रात्र.

आकडा घसरला. तीनशे दहाचे नऊ झाले. सिस्टरचा जीव भांड्यात पडला. नऊ म्हणजे कसे, हातात मावण्यासारखे.

तिने नऊच्या नऊ वाचले. एक आवाज शोषणाऱ्या छताबद्दल होता. एक बासरी ऐकवलेल्या रुग्णांबद्दल. एक तर संपादकांना आलेलं पत्र निघालं, हॉस्पिटलातल्या बादल्या फार वाजतात अशी तक्रार करणारं. शांत तासाबद्दल एकही नाही. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं होतं. ती बराच वेळ त्या उन्हाकडे बघत बसली. एवढ्या वॉर्डांत, एवढ्या बायकांत, दुपारी पडदे ओढावेत असं कुणालाच वाटलं नव्हतं, किंवा वाटलं तरी ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

घरी नणंद भूमितीच्या वह्या तपासत बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची, आणि लाल पेन कानावर खोचून घरभर फिरायची.

"वहिनी, तोंड का असं? कुणी गेलं का?"

"गेलं नाही. कुणी आलंच नाही." सिस्टरने चप्पल काढता काढता सगळं सांगितलं.

"म्हणजे जगात असा तास पाळणारी तू एकटीच? मला नाही पटत. तुझ्यासारखी हट्टी बाई दर गल्लीत एक तरी असते."

"आभारी आहे हं, वन्सं."

"वन्सं म्हणू नकोस गं, मला नाकात नथ घातल्यासारखं वाटतं." नणंदेने पेन काढून एका वहीवर फुली मारली. "हे बघ, उत्तर शून्याच्या जवळ आलं ना, की मी मुलांना आधी रीत तपासायला लावते. जग नंतर तपासायचं."

"तुझी मुलं ऐकतात?"

"छे. तू तरी ऐक."

पहाटे तिला स्वप्न पडलं. एक लांबच लांब कॉरिडॉर होता आणि दोन्ही बाजूंना वॉर्डांची दारं. प्रत्येक दारात पांढऱ्या कपड्यांतली एक बाई उभी होती. सिस्टर प्रत्येकीला विचारत होती, तुमच्याकडे दुपारी पडदे ओढतात का? आणि प्रत्येकजण हसून तोंडावर बोट ठेवत होती, कारण त्यांच्याकडे तो तास चालू होता.

बुधवारी ग्रंथपाल परत आले. त्यांनी तिची यादी उघडली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत, आपल्या नेहमीच्या चालीने खाली येऊ लागले. सातव्या ओळीवर बोट थांबलं.

"सिस्टर, रात्र का काढलीत?"

"मला दुपार हवी होती म्हणून."

"बरं. समजा तुम्हीच लेख लिहिताय शांत तासावर. पहिलं वाक्य काय लिहाल?"

सिस्टरने क्षणभर विचार केला. "हॉस्पिटलात रुग्णांना रात्री नीट झोप मिळत नाही, म्हणून दुपारी—" आणि तिने कपाळाला हात लावला.

"हं," ग्रंथपाल म्हणाले. "तो 'वगळून' शब्द लेख वाचत नाही. रात्र असं कुठं दिसलं, की अख्खा लेख बाहेर. मग तो दुपारबद्दल का असेना."

"म्हणजे मीच सगळ्यांना दाराबाहेर काढलं. रात्रीचं नुसतं नाव घेतलं म्हणून!"

"सगळे एकदा करतात. मी तर एकदा बाळंतिणींवरचे लेख शोधताना बाळ वगळलं होतं."

सिस्टर दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली. त्यांनी सातवी ओळ पुसली आणि तिच्या जागी, काही न काढता, 'आणि दुपार किंवा दिवसा' अशी भर घातली. आकडा हलला. अठ्ठावन्न.

मग ती वाचू लागली. गोषवारे छोटे होते, पाच-सहा ओळींचे, पण त्या ओळींमागे तिला खोल्या दिसत होत्या. कुठेतरी चौदा खाटांच्या वॉर्डात दिवे मंद करत होते. कुठे दारावर निळी पाटी टांगत होते. एका ठिकाणी नर्सेसनी बुटांवरून लोकरीचे मोजे चढवले होते. ते वाचून तिला त्या बायकांना पत्र लिहावंसं वाटलं. पृथ्वी फिरत असते, तेव्हा कुठे ना कुठे आत्ता दुपारचे दोन वाजत असणार, आणि तिथं कुणीतरी पडद्याच्या दोरीला हात घालत असणार. लायब्ररीतलं ऊन केव्हा गेलं ते तिला कळलंच नाही. अठ्ठावन्न वॉर्ड तिच्यासमोरून एकामागून एक, पाण्यावरून वाहत गेल्यासारखे गेले, आणि त्यांतले बारा तिने पूर्ण वाचायला काठावर ओढून घेतले.

बारापैकी दहा तिच्या बाजूचे होते. दोन विरुद्ध. त्यांतला एक तिने तीनदा वाचला.

त्यात एकाच हॉस्पिटलातले दोन वॉर्ड होते. दोन्हींत तेच पडदे, तोच तास. एका वॉर्डात रुग्ण झोपले, दुसऱ्यात काहीच फरक पडला नाही. लिहिणाऱ्या बाईने शेवटी एक तक्ता दिला होता: त्या तासात कुणीतरी खाटेजवळ किती वेळा गेलं. पहिल्या वॉर्डात चार वेळा. दुसऱ्यात एकोणीस वेळा.

सिस्टरला आपल्या वॉर्डातले अडीच आठवले. रोज अडीचला ती स्वतः सगळ्यांचा ताप आणि ब्लड प्रेशर बघत फिरायची, म्हणजे तीनला चार्ट पूर्ण व्हायचे. रबरी तळव्यांनी, मांजरासारखी. पट्टा दंडाला गुंडाळताना कुणी डोळे उघडले तर ती कुजबुजायची, झोपा हं. तिला त्याचा केवढा अभिमान होता.

"सर," ती म्हणाली, "समजा मी हा एक लेख नाही नेला तर?"

ग्रंथपाल दिवे बंद करायला निघाले होते. ते दारात थांबले.

"तुम्हाला पाच मिनिटंच आहेत. सगळे बारा थोडेच वाचून दाखवणार आहात." ते सावकाश म्हणाले. "मी शोधून देतो, सिस्टर. वगळायचं काय, ते नाही सांगत."

गुरुवारी दोन वाजता तिने पडदे ओढले आणि दाराजवळच्या खुर्चीत कागद-पेन्सिल घेऊन बसली. कुणी खाटेजवळ गेलं की एक रेघ. वॉर्डबॉय रिकामी बाटली उचलायला गेला, रेघ. प्रयोगशाळेचा माणूस रक्त घ्यायला आला, रेघ. अडीच वाजले तशी ती उठली, रोजच्यासारखी फिरली, आणि प्रत्येक खाटेपाशी स्वतःच्या नावाची एक रेघ ओढत गेली. ह्यावेळी तिने चेहऱ्यांकडे नीट पाहिलं. पाच नंबरचे सुतारकाम करणारे गृहस्थ कुठूनतरी खूप खोलातून वर आले, तिच्याकडे ओळख नसल्यासारखं बघितलं, आणि मग सभ्यपणाने म्हणाले, "नाही नाही, जागाच होतो." पट्टा सोडल्यावर ते छताकडे बघत पडून राहिले.

तीन वाजता तिने रेघा मोजल्या. एकतीस. त्यांतल्या बावीस तिच्या.

चार वाजता ती समितीसमोर उभी राहिली. टेबलाच्या टोकाला मोठे डॉक्टर, शेजारी मेट्रनबाई, आणि ऑफिसातले दोघं. तिने लेख कसे शोधले ते दोन वाक्यांत सांगितलं. दहा बाजूचे, दोन विरुद्ध, तेही सांगितलं. मग तो तक्ता वाचला. मग आपला कागद टेबलावर ठेवला.

"एकतीस," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "आणि बावीस कुणाच्या?"

"माझ्या."

मेट्रनबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांनी मागून घेतलेल्या पाच मिनिटांचे असे बारा वाजलेले त्यांना बघवेनात.

"म्हणजे सहा वर्षं तुमचा शांत तास तुम्हीच मोडत होतात."

"हो."

"मग मी तो बंद केला, तर बिघडलं काय?"

सिस्टरने उत्तर ठरवून आणलेलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि तिच्या रोजच्या आवाजातच आलं. "तो अजून एकदाही झालेला नाही, डॉक्टर. न झालेलं बंद कसं करणार? सहा आठवडे द्या. मी बीपी दीडला घेईन. रोज रेघा ओढीन, आणि रुग्णांना तीनला विचारून लिहून ठेवीन. त्यानंतरही फरक दिसला नाही, तर पडदे मी स्वतः उघडते."

ऑफिसातल्यांपैकी एकजण खोकला. मोठ्या डॉक्टरांनी वेळापत्रक उचललं, त्यावर बराच वेळ पेन आपटत राहिले, आणि दोनच्या जागी तीन लिहिलं.

"सहा आठवडे. एक दिवस जास्त नाही. आणि ते विरुद्धचे दोन लेख माझ्याकडे पाठवा. आधी तेच वाचतो."

बाहेर आल्यावर मेट्रनबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला, अगदी शाळेतल्या मुलीसारखा. "कागद आण म्हटलं होतं मी. फास आण नव्हतं म्हटलं."

सोमवारी पहिला खरा तास सुरू झाला. प्रयोगशाळेला कळवलं होतं, बाटल्या आधीच उचलल्या होत्या, चार्ट पूर्ण होते. सिस्टर खुर्चीत बसली आणि तिच्या लक्षात आलं की हातांना काहीच काम नाही. अडीच वाजले तेव्हा तिचे पाय आपले आपणच उभे राहिले. तिने त्यांना पुन्हा खाली बसवलं.

त्यानंतर जे झालं ते तिला पुढे कुणाला नीट सांगता आलं नाही. पडद्यांमागे दुपार दाट होत गेली. बावीस श्वास आधी वेगवेगळे ऐकू येत होते, कुणाचा घरघरता, कुणाचा शिटीसारखा, आणि मग हळूहळू ते एकमेकांत मिसळले आणि वॉर्डालाच एक श्वास आला. भिंती किंचित बाहेर जात होत्या, किंचित आत येत होत्या. खाटा ह्यावेळी किनाऱ्यापासून खरंच दूर गेल्या, इतक्या की पलीकडच्या टोकाची बावीस नंबरची खाट धुक्यात असल्यासारखी दिसेना. सुतारकाम करणारे गृहस्थ झोपेत उजवा हात मागे-पुढे करत होते, एखाद्या फळीवरून रंधा फिरवावा तसा, लयीत. मग हातही थांबला. सिस्टर जागीच होती, पेन्सिल हातात होती. पण हे सगळे आपल्यावर सोपवून गेलेत आणि आपण काठावर त्यांच्या चपला सांभाळत बसलोय, असं काहीतरी तिला वाटत राहिलं.

तीनच्या ठोक्याला मोठे डॉक्टर दारात आले. आत बघून ते थबकले, आणि त्यांच्या पावलांचा आवाज तिथेच बंद झाला. कुणीही उठलेलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, तसा सिस्टरने त्यांना कागद दिला. त्यावर तीन रेघा होत्या.

"ह्यांतली तुमची कुठली?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"मधली. नऊ नंबरचं पांघरूण खाली घसरत होतं."

"घसरू द्यायचं होतं."

"उद्या देईन," सिस्टर म्हणाली, आणि पहिला पडदा उघडायला उठली.